तो विषय वेगळा!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मनात गेले तीन आठवडे एकच गोष्ट घोळतेय, आणि ती लिहून काढल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं वाटत नाही. आधीच सांगतो, हे वाचून काही जण नाराज होतील. त्यातले निम्मे माझे नातेवाईक असतील. तरीही.

तर झालं असं. मागच्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा होती. आम्ही जांब्यात राहतो हे तुम्हाला माहीतच आहे. मुळशी तालुक्यातलं, हिंजवडी-मारुंजीच्या शेजारचं गाव. आमच्यासारखे बाहेरून आलेले बरेच आहेत इथे, आणि त्यात नगर, जालना, सोलापूरकडची ख्रिस्ती कुटुंबंही सापडतात. अशी पंधरा-वीस माणसं हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेली, दाराबाहेर चपलांचा ढीग, खुर्च्या शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या. एक तरुण पाहुणे वक्ते आले होते. विषय होता ख्रिस्ताशी जोडलेलं राहणं, योहानाच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय, द्राक्षवेल आणि फाटे.

त्यांनी खिशातून मोबाइल काढून सगळ्यांना दाखवला. म्हणाले, फोन कितीही महागडा असो, चार्ज नसेल तर नुसता डबा. आपलंही तसंच. रविवारची उपासना म्हणजे रिचार्ज, सकाळचं मनन म्हणजे टॉप-अप, आणि प्रार्थना म्हणजे रेंज! लोक हसले, माना डोलावल्या, आमेन म्हणाले. यजमान असल्यामुळे माझा आमेन सगळ्यात मोठा होता.

मंडळी गेल्यावर आवराआवर करताना बायको सहज म्हणाली, "अहो, आता तरी दादांना फोन करा ना."

मी म्हटलं, "तो विषय वेगळा."

ती काही बोलली नाही. पोह्यांचं पातेलं घासत राहिली. पण माझंच वाक्य माझ्या कानात अडकून बसलं. तासाभरापूर्वी ज्या तोंडाने आमेन म्हटलं, त्याच तोंडाने मी हे म्हटलं होतं.

दादाचा विषय पुढे येईलच. आधी माझं भांडण त्या मोबाइलशी आहे.

त्या वक्त्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. माणूस मनापासून बोलत होता. पण हे उदाहरण आता सगळीकडे ऐकू येतं आणि आपल्याला ते फार आवडतं. का आवडतं, याचा विचार केलाय कधी? चार्जर तुम्हाला काहीही विचारत नाही, म्हणून आवडतं. रात्रभर फोन लावून ठेवा, सकाळी काढा, आणि मग दिवसभर त्या चार्जवर काय वाटेल ते करा. भक्तिगीत ऐका, नाहीतर सख्ख्या भावाचा नंबर ब्लॉक करा. चार्जरला त्याचं सोयरसुतक नाही. त्याचं काम वीज देण्याचं, वापर तुमचा. रविवारी दीड तास 'जोडलेले' आणि उरलेल्या आठवड्यात मोकळे, ही सोय त्या उदाहरणात आतच बसवलेली आहे.

प्रभू येशूंनी जे उदाहरण दिलं त्यात ही सोय नाही. वेलीवरचा फाटा सकाळी वेलीला लावून दुपारी काढून ठेवता येत नाही.

माझ्या आतेभावाची नारायणगावजवळ द्राक्षबाग आहे. लहानपणापासून तिथे जाणं-येणं. पण या अध्यायाचा आणि त्या बागेचा काही संबंध आहे हे मला पन्नाशी आल्यावर सुचलं, काय सांगू! आपण बाग बघायला जातो फेब्रुवारीत, घड लटकलेले असताना. फोटो काढतो, पेटी घेऊन येतो. पण बागायतदाराला विचारा, तो सांगेल की घडाचा निकाल फेब्रुवारीत लागत नाही. आपल्याकडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. माल निघून गेला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. वेल अक्षरशः बोडका करून टाकतात. त्या छाटणीनंतर फळ येत नाही, नुसत्या काड्या वाढतात. बघणाऱ्याला वाटतं, आता बागेत काही चाललेलं नाही. पण त्याच वेळी, उन्हाळ्याच्या त्या रखरखाटात, काडीवरच्या डोळ्यांच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात त्याला. बाहेरून काही दिसत नाही. मग ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते, त्या डोळ्यांतून घड बाहेर येतात, आणि पुढे साडेतीन-चार महिन्यांनी आपण तोंडात टाकतो ते द्राक्ष.

आतेभाऊ म्हणतो, "मे महिन्यात काडी उपाशी राहिली तर ऑक्टोबरात कितीही औषधं मार, डोळ्यात घडच नसला तर येणार कुठून?"

मला वाटतं, ख्रिस्ती जीवनाचं हेच आहे. नाताळची कॅरल्स, उत्तम शुक्रवारची सात वचनं, मोठमोठे मेळावे, हे सगळं फेब्रुवारीतलं दृश्य. घड ठरतो मे महिन्याच्या एखाद्या साध्या मंगळवारी. हिंजवडीच्या वाहतुकीत पुढच्या रिक्षावाल्यावर ओरडताना किंवा न ओरडताना. घरकाम करणाऱ्या मावशींनी दोनशे रुपये उचल मागितली तेव्हा आपल्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यात. ऑफिसात ज्युनिअर मुलाच्या कामावर आपलं नाव लावताना. तिथे कोणी आमेन म्हणत नाही आणि फोटोही काढत नाही.

आता भाषेबद्दल थोडंसं. आपण सगळे 'कनेक्ट' म्हणायला लागलोय. 'प्रभूशी कनेक्ट व्हा.' माझी आजी हा शब्द ऐकून हसली असती. मराठी पवित्र शास्त्रात त्या अध्यायात साधं क्रियापद आहे: राहणे. मूळ ग्रीकमध्ये 'मेनो'. चौथ्या वचनापासून दहाव्यापर्यंत, म्हणजे अवघ्या सात वचनांत, ते दहा वेळा येतं. आणि हेच क्रियापद योहानाच्या पहिल्या अध्यायातही आहे. दोन शिष्य येशूच्या मागे चालू लागतात आणि त्याला पहिला प्रश्न काय विचारतात? मोक्षाबद्दल नाही, चमत्काराबद्दल नाही. गुरुजी, तुम्ही कुठे राहता? तो म्हणतो, या आणि बघा. आणि ते दोघं त्या दिवशी त्याच्याकडे राहतात.

'राहणे' या शब्दाचं वजन आपल्या भाषेत काय आहे बघा. जांब्यात रोज हजारो माणसं येतात-जातात. डिलिव्हरीवाला येतो, साइटवरचा इंजिनिअर येतो, फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येतं. ते जांब्यात 'राहत' नाहीत. राहतो तो, ज्याला इथल्या पाण्याच्या टँकरची वेळ माहीत असते, ज्याचं रेशनकार्ड इथलं असतं, ज्याला शेजारच्या घरी कोण आजारी आहे ते कळतं, आणि ज्याचा कचराही इथेच निघतो. राहणारा माणूस आपलं सगळं सामान आणतो. चांगलं फर्निचर तेवढं आणलं आणि अडगळ जुन्या घरी ठेवली, असं केलं तर आपण अजून पुरते राहायला आलेलो नाही.

आपण बहुतेक जण ख्रिस्तात ये-जा करतो, आणि अडगळीच्या खोलीला नाव दिलंय: तो विषय वेगळा.

बघा, आपल्यात किती विषय वेगळे आहेत! लग्न जमवताना आपण विचारतो, "मूळचे कोण?" प्रश्न हळू आवाजात येतो, पण येतो. प्रभुभोजनाच्या वेळी एका भाकरीचे, एका प्याल्याचे. सोयरिकीच्या वेळी पणजोबांच्या जातीचे. कोणी बोट ठेवलं की उत्तर तयार: तो सामाजिक विषय, वेगळा. मंडळीच्या जागेवरून, कमिटीच्या निवडणुकीवरून एकाच देवळातले लोक कोर्टात समोरासमोर उभे राहतात. तो कायद्याचा विषय, वेगळा. फ्लॅट घेताना काही रक्कम रोखीने दिली? व्यवहाराचा विषय. मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलाय? स्वच्छतेचा विषय! प्रार्थनासभेत साक्ष देताना आपण सांगतो की व्हिसा मिळाला, बढती मिळाली, घराचं काम झालं. देवाचे आभार मानायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण गेल्या वीस वर्षांत मी एकही साक्ष अशी ऐकली नाही की "मी अमक्याचे पैसे बुडवले होते, ते परत करून आलो." जक्कयाची गोष्ट मात्र आपण संडे स्कूलच्या मुलांना दरवर्षी शिकवतो. चौपट परत करण्याची.

कोणी म्हणेल, मग प्रार्थना नको, मनन नको, नुसतं चांगलं वागलं की झालं? त्याला ख्रिस्ताची गरज काय, तो तर कुठलाही सज्जन करतो. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. त्याचं उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावला आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवांसाठी रात्रंदिवस राबत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला अजून काय हवं होतं? पण 1907 मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, त्यात त्यांनी स्वतःच कबूल केलंय की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी मोठी बाई, आणि किती साधी कबुली! म्हणजे नुसतं काम पुरत नाही. फाटा वेलीत नसेल तर त्याची हिरवी पानं थोडे दिवसच टिकतात. यहेज्केल संदेष्ट्याने तर सांगूनच ठेवलंय की द्राक्षाच्या लाकडाची साधी खुंटीसुद्धा होत नाही. फळ नसेल तर ते जाळण्यापुरतंच.

पण ख्रिस्त सापडल्यावर रमाबाई डोळे मिटून बसून राहिल्या का? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळात गेलेले त्यांनी पाहिले होते. केडगावला मुक्तीची वसाहत उभी राहिली. तिथे 1905 मध्ये मोठी आत्मिक जागृती झाली, त्याबद्दल आपण आजही मेळाव्यांत सांगतो. पण त्याच मुक्तीत विणकाम होतं, शेती होती, गाईगुरं होती, छापखाना होता, तोही आपण सांगितला पाहिजे. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाई पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. शेवटच्या काळात, 1921 मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि ते संपूर्ण पवित्र शास्त्र 1924 मध्ये छापून निघालं. यातली प्रार्थना कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं, सांगा बरं! मला तर ती रेघ सापडत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरात भूकंप झाला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना आठवेल, त्यांच्यातला बदल देवळात सुरू झाला नाही. तो पाण्याच्या भांड्यापाशी आणि जेवणाच्या ताटापाशी झाला. कुणाच्या हातचं प्यायचं, कुणाच्या हातचं नाही, हा सोवळ्याचा गुंता आधी सुटला, आणि बाप्तिस्मा नंतर. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. बाप्तिस्मा आधी होतो आणि ताट-पाण्याचा प्रश्न तीन पिढ्या तसाच राहतो.

टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. आमच्या जांब्यापासून देहू काही फार लांब नाही. तुकोबांबद्दल सांगतात की त्यांनी सावकारीची खतं धाकट्या भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ज्या लोकांकडून पैसे येणं होतं ती येणीच बुडवली! भक्ती हा एक विषय आणि वहीखातं हा दुसरा, असं त्यांनी म्हटलं असतं तर त्यांचं दुकान चाललं असतं, पण टिळकांना पूल मिळाला नसता.

आता दादाचा विषय.

हे माझे चुलत-मामे भाऊबहीण वाचतील, म्हणून स्पष्ट लिहितो. आमचं गाव राहुरीकडचं. वडील 2014 मध्ये गेले. आई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होती आणि 2019 मध्ये गेली. ती चार वर्षं दादा आणि वहिनींनी काढली. मी महिन्यातून एकदा जायचो, औषधांचे पैसे ठेवायचो, आईच्या उशाशी बसून एक स्तोत्र वाचायचो आणि संध्याकाळच्या आत पुण्याचा रस्ता धरायचो. रात्री आईची कूस बदलायला मी नव्हतो. 2021 मध्ये वाटणीचा विषय निघाला. दादाचं म्हणणं एवढंच होतं की घर आणि त्यामागची जागा त्याच्याकडे राहावी, शेतीत सारखी वाटणी. मी म्हणालो, कायद्याने निम्मं माझं. आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. सख्ख्या भावाला, टपालाने. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

या सगळ्या वर्षांत मी एकही रविवार चुकवलेला नाही. सकाळचं मनन चुकवलेलं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज पहाटे वचन टाकत आलोय, आणि त्या ग्रुपवर दादाही आहे. तो रोज माझं वचन वाचत असणार. काय वाटत असेल त्याला?

कायद्याचं म्हणाल तर मी आजही चूक नाही. निम्मं माझंच आहे. पण योहानाच्या त्याच पंधराव्या अध्यायात, वेलीचं सांगून झाल्याबरोबर, माझ्यात राहायचं म्हणजे काय हे प्रभूने उलगडून सांगितलंय: माझ्या आज्ञा पाळा, आणि आज्ञा ही की एकमेकांवर प्रीती करा. मधे दुसरा कुठलाही विषय नाही. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचं काही आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाकडे जा, हे तर आपल्याला पाठ आहे. यात एक बारीक गोष्ट आहे. तिथे असं म्हटलेलं नाही की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर! माझं मन साफ आहे, मी क्षमा केलीय, हे मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो. प्रश्न माझ्या मनाचा नव्हताच.

गेल्या गुरुवारी मी फोन केला. पाचव्या-सहाव्या रिंगला दादाने उचलला.

"काय रे, बरा आहेस ना?" एवढंच म्हणाला. मग पावसाचं बोललो, कांद्याच्या भावाचं बोललो. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते मला माहीतच नव्हतं. चार मिनिटांत फोन संपला. घराचा शब्द त्यानेही काढला नाही, मीही नाही. तो फोनवर काढायचा विषय नाही. मला समोर बसून सांगायचंय की नोटीस पाठवली ही माझी चूक होती, घर तुझंच आहे, हक्कसोडपत्रावर सही करायला मी आलोय. तो काय म्हणेल मला माहीत नाही. रागावेल कदाचित. "आईच्या वेळी कुठे होतास?" असं विचारेल, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून या रविवारी मी उपासनेला नसेन. पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय. पहाटेच गाडी काढून राहुरीला जातोय, बायकोही सोबत येतेय. ग्रुपवर त्या दिवशी वचनही टाकणार नाही.

तुम्हाला एकच विचारतो, आणि उत्तर मला नाही दिलंत तरी चालेल. तुमच्या घरात कोणी आडून काही सुचवलं आणि तुमच्या तोंडून पटकन "तो विषय वेगळा" असं निघालं, ते शेवटचं कधी? तो विषय कोणता होता, तेवढं आठवून बघा.

सर्वांना सलाम. चूकभूल द्यावी घ्यावी.